दुसरी भर

मंचरहून येताना वृषालीने
साड्यांच्या घडीत बटाटे आणले.
सुरकुतलेले, डोळे फुटलेले, बेण्याचे.
मी म्हटलं, "माका वाटला मिठाई हाडलंस."
ती हसली नाही. तिला तेव्हा आमची भाषा
अर्धीच कळायची,
आणि उरलेली अर्धी टोचायची.

आमच्या मिठबावात जमीन म्हणजे कातळ,
वर चार बोटं तांबडी माती,
पावसाने सोडली तेवढी.
इथे कणगी होते, सुरण होतो,
पोफळीच्या बुडाशी अळू आपसूक माजतं.
बटाटा दुकानात होतो.
विहिरीपलीकडून धाकू मेस्त ओरडला,
"वहिनी, सुनेक सांग, कातळार बटाटो लावलो
तर दगडच खणूचे लागतले."

तिने ऐकून घेतलं.
मग मळ्यातला गाळ, गोठ्यामागचं जुनं शेण,
टोपलीने बारा खेपा.
फोडी राखेत घोळवून एकेक पुरली.
"डोळे वर ठेवायचे, आई."
पहिल्यांदा आई म्हणाली ती मला,
फोडीकडे बघत.

महिन्याने वीतभर पाला आला
आणि तिने कुदळ घेऊन
एवढ्या कष्टाने वर आलेली ती पानं
परत निम्मी पुरायला घेतली.
मी धावले. "अगो, मारतंस काय तेंका?"
"भर देतेय."
दोन्हीकडून माती ओढायची, तळहाताच्या कडेने दाबायची,
ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेला
वाळू दाबतात तशी.
"बटाटा उघडा पडला, ऊन लागलं,
की हिरवा होतो. कडू.
मग कुणी खात नाही."

पण आमची माती रवाळ.
पाणी दिलं की सरीत उतरते.
पौषात खारा वारा सुटला,
वरंब्याची एक अख्खी कड सांडली.
ती तिथेच बसून राहिली, कुदळ आडवी टाकून.
संध्याकाळी फोनवर आईला "मजेत" म्हणाली.
मी ओटीवरून ऐकलं.

बटाट्यातलं मला काही कळत नाही.
झाकण्यातलं कळतं.
पावसाआधी सरपण,
रात्री राखेखाली निखारा,
आणखीही बरंच, ते इथे नको.

भाताचा पेंढा काढला. आंब्याची सुकी पानं.
सुपारीच्या विऱ्या उभ्या चिरून कडेला रोवल्या,
त्यांना टेकून नारळाची सोडणं, पालथी.
वाळूवर लागलेलं शेवाळ
तीन पाण्यांत धुऊन, तेही वर.
तिने दुसरी भर दिली,
तिच्या मागोमाग मी पेंढा.
ती माती, मी पेंढा.
दोघी उकिडव्या, उलट्या पावलांनी मागे सरकत
विहिरीपर्यंत आलो.
तिथे पाठीला पाठ लागली.

एका रात्री राहवलं नाही.
बॅटरी न घेता गेले,
पेंढ्यात दोन बोटं घातली.
सुपारीएवढं काहीतरी. गार. घट्ट.
घाईघाईत झाकलं आणि आले.
सकाळी बघते तर
माझ्या भोकाच्या हातभर पुढे
आणखी एक भोक,
बारीक बोटांचं.
चहा पिताना कुणीच विषय काढला नाही.

माघात काढले. दोन टोपल्या,
काही लिंबाएवढेच.
धाकूकडे वाटीभर पाठवले, दगड म्हणून.
विहिरीकडच्या टोकाला एक निघाला
अर्धा हिरवा.
तिने तो हातात फिरवला, माझ्याकडे पाहिलं.
"ह्यो माझो," मी म्हटलं. "माझ्याच बोटांचो."
मी तो केरात टाकणार, तोच
तिने मनगट धरलं.

"टाकूचो नाय," ती म्हणाली.
"खाऊक नको. बेण्याक चलता."

माळ्यावर वाळूच्या डब्यात ठेवलाय.
पावसाळा काढेल की कुजेल,
अजून कळलेलं नाही.
आम्ही उकरून बघत नाही.