अडीचशे शब्दांत

‘ही शिष्यवृत्ती तुम्हाला कशी उपयोगी पडेल?
अडीचशे शब्दांत लिहा.’

ओडील सीर लिहिते : फी. वसतिगृह.
मग खोडते. एवढं तर त्यांनाही ठाऊक असेल.

बाहेर मेन राज्याचा सप्टेंबर,
बटाट्याच्या काढणीसाठी शाळा तीन आठवडे बंद;
नखांत माती, आणि पिंपामागे मिळालेले सुटे पैसे
कॉफीच्या डब्यात.

रसायनशास्त्राचं एक पुस्तक म्हणजे
घर तापवायचं महिन्याचं तेल —
लिहावं का हे?
आईला आवडायचं नाही.
मोटेलच्या चादरी बदलणारी आई
उशीखाली सापडलेली टिपसुद्धा
दिवसभर तशीच बाजूला ठेवते,
कुणी विसरलं असेल तर येईल परत, म्हणून.

शेवटी ओडील लिहिते :
सूक्ष्मदर्शकाखाली मी एकदाच पाहिलंय
करपा लागलेलं बटाट्याचं पान.
मागे रांग होती. घंटा झाली.
मला पुन्हा बघायचंय,
घाई न करता.

मोजते. एकोणीस.
उरलेले दोनशे एकतीस
आईला विचारावेत, तर ती
सोफ्यावर
बूट न काढताच झोपलीय.