आठ की तीन

जनकगंजात पोतनिसांच्या जिन्याखाली
मीटर होतं, काळ्या डब्यात, माझ्या डोक्याहून वीतभर वर.
चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, सकाळी दहाला,
मी त्यात इंग्रजी आठ वाचला.
होता तीन.

बिल गेलं. मैनाताई पोतनीस कचेरीत आल्या,
अंगावर शाल, पायांत मुलाचे बूट,
म्हणाल्या, "आमच्याकडे काय पिठाची चक्की आहे का, भैया?"
साहेबांनी मला परत पाठवलं, त्याच वेळी, बॅटरी देऊन.

बॅटरी लागलीच नाही.
काचेवर उन्हाच्या चांदण्या पडल्या होत्या, सहा-सहा टोकांच्या,
आणि दोन चांदण्यांमधली सावलीची काडी
तिनाच्या उघड्या बाजूला टेकून
त्याचा आठ करत होती.

मी मान वर केली.
नोकरीला अकरा वर्षं झालेली,
या शहरात जन्मून पस्तीस,
आणि मान वर केली ती तेव्हा.

दारावर अख्ख्या दगडाची जाळी,
चार बोटं जाड, आणि तरी
कोणी नुकतीच वाळत घातल्यासारखी.

मग माझा हिशेब बिघडला.
दिवसाला ऐंशी घरं करायची, मी साठावर आलो.
दानाओलीत टकल्यांचा सज्जा नऊ तोड्यांवर उभा,
आठांवर मोर, नवव्यावर पोपट.
टकले म्हणाले, "मोरच आहे की."
चाळीस वर्षं त्याच्याखाली दाढी करत होते.
छावणीतल्या पाटौरी: छताला दगडी पट्ट्या, एकीला एक लागून.
मे महिन्यात आकडा टिपायला आत शिरावं
आणि आकडा टिपून झाल्यावरही
पेन्सिल शोधत राहावं.

लोक या दगडाला पांढरा म्हणतात.
फोडणी पडायच्या आधी कढीचा असतो,
तो रंग.

जाळी कोणी केली, मैनाताईंना विचारलं.
"सासऱ्यांच्या वेळचा कोणी कारागीर.
एक चांदणी झाली की गूळ मागायचा."
नाव?
त्यांनी जुनी वही काढली, मोडीतली, बोट फिरवत वाचली:
कारागिरास गूळ, पाव शेर.
कारागिरास गूळ, पाव शेर.
नाव कुठेच नव्हतं. गूळ मात्र पानभर.

आता मीटरं खांबावर गेली, आकडा आपला आपण पोचतो.
मी तर केव्हाच निवृत्त.
आत जायला कारण उरलं नाही, म्हणून
रस्त्यातच उभा राहतो, टाचा उंचावून.
परवा सराफ्यामागच्या गल्लीत एका पोराने हटकलं,
"अंकल, मकान बिकाऊ नहीं है."
म्हटलं, "बेटा, देख ही रहा हूँ."
त्यानेही मग वर बघितलं,
क्षणभर,
कबूतर वगैरे आहे का म्हणून.

पोतनिसांकडे जानेवारीत एकदा जातो, तिळगूळ घेऊन.
नातवाने जाळीला आतून काच बसवलीय, एसीसाठी.
ऊन काचेला विचारत नाही.
मीटर होतं तिथे भिंतीवर फिका चौकोन आहे,
चार खिळ्यांची भोकं,
आणि दहा वाजले की चांदण्या तिथेच येऊन उभ्या राहतात,
कोणी वाचायला येईल अशा.

नातसून चहा ठेवायला आत गेली.
मी मोजल्या: चौदा.
चष्मा पुसून परत मोजल्या.
तेरा.