कंसात

सात मिनिटांची पाळी असे. मग दुसरी यायची,
मी उठायच्या आत तिची पेन्सिल चालू,
मधे एक शब्दही सांडता कामा नये.
सभागृहाच्या मधोमध आमचं टेबल,
दोन्हीकडच्या आरोळ्या डोक्यावरून जात
आणि आम्ही मान खाली घालून.
हसायचं नाही. हसू आलं तर लिहायचं: (हशा).
बाकं बडवली गेली तर: (गोंधळ).
सत्तावीस वर्षं मी लोकशाही कंसात टाकत आले.

तेव्हा विधानसभा अपोलो बंदराजवळ भरे,
खलाशांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत.
दर्शनी त्रिकोणात दगडी समुद्रदेव, त्याचे घोडे,
त्याच्याखाली मंत्र्यांच्या पांढऱ्या अँबेसिडर.
खलाशी कधीच गेले होते,
पण बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाला
आपण वादळातून आलोय असंच वाटे.

नोकरी लागली त्या रात्री वडिलांनी विचारलं,
"तुला सगळं ऐकू येतं का गं तिथे?"
त्यांना ऐकू आलं नव्हतं.
बेचाळीसच्या ऑगस्टात, गवालिया टँकवर,
ते पार मागे, कुणा पारशाच्या फाटकाला धरून उभे.
कर्णा खरखरत होता, ठराव वाऱ्याने नेला.
शेजारच्याने हात वर केला म्हणून यांनीही केला.
दुसऱ्या सकाळी अश्रुधुरात एक वहाण गेली.
"पण हात वर होता," म्हणायचे,
आणि उजवा की डावा यावर आईशी भांडायचे.
पुढे ग्रंथालयात मी त्या ठरावाची छापील प्रत काढली.
फाटकाजवळच्यांचा आकडा कुणी मांडलेला नाही.

एका मार्चात, रात्री आठनंतर,
निम्मी बाकं रिकामी, मागण्यांवर चर्चा,
जान्या दुमाडा उठले. डहाणूकडचे, पहिल्यांदाच निवडून आलेले,
सदऱ्याची घडी अजून दुकानातलीच.
"अध्यक्ष महाराज," म्हणाले,
आणि धरणाखाली जाणाऱ्या पाड्यांची नावं घेऊ लागले.
चिंचपाडा. वेडगेपाडा. बोंडारपाडा.
लघुलिपीत पाड्याला एकच आकडी, सोपं होतं,
हात आपोआप चालला होता.
अकराव्या नावावर ते थांबले.
अकरावा त्यांचा स्वतःचा असावा.
थांबले ते थांबलेच.
मंत्र्यांनी चष्मा काढला.
अध्यक्षांचा हात घंटेकडे गेला, तिथेच राहिला.

(शांतता) असं लिहिता आलं असतं.
पण ती शांतता नव्हती, माणूस बोलत होता.
बारीक रेघ काढू की जाड?
मी एक ओळ कोरी सोडली.
मग ते "धन्यवाद" म्हणाले आणि बसले.
मागण्या मंजूर. होय म्हणणाऱ्यांचं बहुमत.

टंकलेखकाने कोरी ओळ मिटवून घेतली.
छापील खंडात धन्यवाद दहाव्या पाड्याला चिकटून आहे,
जणू दहा पाडे बुडवल्याबद्दल आभार.
मी खाली जाऊन भांडले.
तो म्हणाला, "बाई, आम्ही बोललेलंच टाईप करतो."

आता माहीमला आमच्या सोसायटीचं इतिवृत्त लिहिते.
वार्षिक सभा, गच्चीवर. गणपूर्ती नाही,
म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब.
नऊ जण त्याच खुर्च्यांत बसून घड्याळ बघतात,
अर्ध्या तासाने तेच नऊ जण वैध होतात.
विषय चौथा: पुनर्विकास.
तळमजल्याच्या सुंद्राबाई घरत उठल्या,
भाडेकरू, त्यामुळे मत नाही.
पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या,
ओठ हलले, पदर सारखा केला, बसल्या.
मी ओळ कोरी सोडली.

पुढच्या महिन्यात सही करताना
चिटणिसांना तेवढीच जागा मोकळी सापडली.
सोसायटीचा गोल शिक्का त्यांनी तिथे उमटवला,
जरा तिरका,
आणि शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घालत बसले.