बेचाळीसवरून एकतीस

महिन्यातून एकदा, पहाटे साडेचारला,
मी त्युगद्यालच्या गोठ्यात पोचते.
ब्रिटनीच्या पार टोकाला, जिथे रस्ता समुद्राला भिऊन वळतो.
डिकीत बाटल्यांचा क्रेट,
एकेक बाटली अंगठ्याएवढी, बुडाशी गुलाबी गोळी,
दूध नासू नये म्हणून.
तो मान वर न करता म्हणतो, "आलीस?"
अकरा वर्षांत त्यानं दुसरा शब्द शोधलेला नाही.

अठ्ठेचाळीस गायी, अठ्ठेचाळीस बाटल्या.
मी घरं ओळखते ती आकड्यांवरून:
लिटरमागे किती ग्रॅम स्निग्धांश, किती प्रथिनं.
या घराचा आकडा बेचाळीस.
वर्षानुवर्षं बेचाळीस,
चर्चच्या घड्याळासारखा जरा मागे, जरा पुढे.

मार्चच्या कागदावर आलं: एकतीस.

वाटलं, प्रयोगशाळेत बाटल्यांची अदलाबदल झाली.
पुन्हा नमुने घेतले. एकतीस.
मग खाद्याच्या खोलीत गेले, तर वासच बोलला.
जवसाचं तेल. निळं पिंप, झाकण नाही,
मापाला एक जुनी किटली.
"किती घालतोस?"
"अंदाजानं."
"अंदाज केवढा?"
त्यानं किटली उचलून दाखवली.
मी कपाळावर हात मारला.

माणसाचं असतं पोटात एक, ओठात एक.
गायीचं पोटात एक, सडात एक.
तेल पाजलं म्हणून लोणी वाढत नाही.
मधे ते कोमट, अंधारं पोट आहे, पिंपाएवढं,
डोळ्यांना न दिसणारी बिऱ्हाडं तिथे
काडी काडी गवत सोडवत बसलेली.
पातळ तेल आलं की ती ते घट्ट करायला घेतात,
आपापल्या चालीनं.
थोडं असेल तर निभावतं.
किटलीनं ओतलं की काड्यांवर तवंग चढतो,
पकड सुटते, काम अर्ध्यात राहतं,
आणि ते अर्धं, वाकडं राहिलेलं काहीतरी
रक्तातून कासेपर्यंत जातं निरोप घेऊन:
हात आखडता घे.
कास ऐकते.
दूध तेवढंच येतं. साय येत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं.
डेअरीचा चेक किती घटला, तेही.
"माहीत आहे," तो म्हणाला.
"मग?"
"आत ये."

आत स्वाझिग, खिडकीशी.
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी, पेरापेरांत गाठी.
सुरीच्या मुठीला तिनं सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
घरचं लोणी फ्रिजमधून दगड होऊन यायचं,
ती दाबायची, पाव फाटायचा,
मग म्हणायची, नकोच, भूक नाही.
पाच महिने भूक नव्हती तिला.

त्युगद्यालनं नुसती बशी पुढे सरकवली.
सुरी त्या पिवळ्यातून गेली
ओहोटीच्या वाळूवरून पाणी सरकावं तशी.
पाव शाबूत.
मिठाचे खडे चमकले.
दुसरा तुकडा तिनं माझ्यासाठी लावला.
वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मग तिथेच, बशी बाजूला सारून, मी लिहून दिलं:
तेल बंद. भाजून फुगवलेलं जवस, तेही वजन करून.
आधी लांब काडीचं वाळलं गवत, मग बाकीचं.
महिन्याभरात अडतीस तरी होईल, म्हटलं.
"आणि लोणी?" त्यानं विचारलं.
"मऊच राहील. इतकं नाही, पण राहील."

स्वाझिगनं बोटावरचं मीठ चाटलं.
"इतकं नाही म्हणजे किती?
पाव फाटेल?"

गायीगणिक प्रथिनं होती माझ्याकडे, पेशींची मोजणी होती,
तीन वर्षांचे आलेख होते.
म्हटलं, पुढच्या महिन्यात येते तेव्हा
आपण लावून बघू.

परतताना बाटल्या किणकिणत होत्या मागे,
प्रत्येक वळणावर.
स्टिअरिंगला लोणी लागलं होतं.