लाईन क्लियर

नवतपाचा सहावा दिवस.
रात्री पावणेबाराला जरीपटक्यात डीओ उडाला
आणि एका दमात चारशे कूलर गप्प झाले.
लोक गच्चीवर आले, रस्त्यावर आले,
फोनवर आमच्या आयाबहिणी आल्या.

मी मोहन नगरातून निघालो तेव्हा
आई दारात. हात माझ्या हेल्मेटवर, डोळे मिटलेले,
गेटची कडी वाजली तरी न संपणारी तिची प्रार्थना.
"तुले देवाच्या हाती देल्लं, शांतवन.
आता कायले भ्यायचं?"
मी म्हटलं, आई, हातमोजे कुठं ठेवले?

खांबाखालून सबस्टेशनला फोन लावतो.
ठवकर उचलतो.
त्याचा चेहरा नऊ वर्षांत दोनदा पाहिलाय,
दोन्ही वेळा लग्नाच्या पंगतीत.
पण तो म्हणतो, "बंद केली. चढ."
आणि मी चढतो.
एवढा विश्वास
चर्चच्या बाकावर बसून मला कधी जमला नाही.

अकरा हजार व्होल्ट.
दिसत नाही, वास येत नाही.
आहे की नाही, हे विचारायची जागा एकच,
शेवटल्या पायरीच्या वर, हातभर अंतरावर.

तरी मी आधी डिस्चार्ज रॉड लावतो,
एकेका तारेला, सावकाश.
पास्टरांना एकदा विचारलं होतं,
हा रॉड म्हणजे अविश्वास का?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, "कुलूप तर माझ्याही घराला आहे."

रतन नंदेश्वरनं रॉड लावला होता की नाही
हे कागदावर अजून ठरायचंय.
ठवकरनं लाईन बंद केली होती, हे खरं.
कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी आली.
त्या सकाळी तो माझ्या डब्यातली
लसणाची चटणी बोटानं चाटून चढला होता.
आई त्याच्यासाठीही मागायची,
नाव घेऊन, माझ्या नावाच्या लगेच मागून.

नंतर सहा महिने मी आमेन म्हटलं नाही.
नुसते ओठ हलवायचो.
आईला कळलं असावं,
ती दोघांच्या वाटचं मोठ्यानं म्हणायची.

म्हणून मला कुणी सांगू नका
की केसालाही धक्का लागणार नाही.
लागतो.
मी त्याला याच खांद्यावरून उतरवलाय.

पण सबस्टेशनात एक पाटी असते,
लाल, पत्र्याची, एक कान वाकलेली.
लाईन बंद केली की ठवकर ती स्विचला अडकवतो:
माणूस वर आहे.
खाली खडूनं नाव.
मी उतरून फोन करेपर्यंत
ती काढायचा हक्क कुणाला नाही,
मोठ्या साहेबालाही नाही.

देवाकडे आता मी एवढंच मागतो.
मी कधी न पाहिलेल्या एखाद्या खोलीत
माझं नाव खडूनं लिहून टांगलेलं असू दे.
आणि रतनचंही.
त्याचं तर अजून तसंच असेल,
कारण उतरून फोन करायचा
त्याचा राहूनच गेलाय.

तार बांधली. घाम डोळ्यांत,
खाली टॉर्च धरून पेंगणारा हेल्पर.
उतरलो.
"ठवकर, उतरलो. माणूस एकच, मीच. सोड."

इंदोऱ्याच्या बाजूनं उजेड सरकत आला,
कूलर एकामागून एक घुमू लागले,
कुणाच्या तरी खिडकीत एक पोर टाळ्या पिटू लागलं.
आमचं नाव कुणी घेतलं नाही. कुणी घेतही नाही.

घरी आलो तर आई खुर्चीतच झोपलेली,
मान कलंडलेली, ओठ अर्धवट उघडे,
वाक्याच्या मधोमध थांबल्यासारखे.
झोपू द्यायला हवं होतं.
मी हेल्मेट खिळ्याला अडकवलं,
तिचा खांदा हलवला
आणि सांगितलं,
उतरलो.