चौऱ्याण्णव

आकडा नेहमी तोच.
पहाटे चारला चौऱ्याण्णव, दुपारी चौऱ्याण्णव,
सगळी गल्ली सिनेमे बघत असते तेव्हाही चौऱ्याण्णव.
पैसे मात्र हजाराच्या वेगाचे.

बाबा म्हणाले, कंपनी चोर आहे.
हे ते वीजकंपनीबद्दलही म्हणतात
आणि कोपऱ्यावरच्या बीटवालीबद्दल.

मी घरी बसून इस्पितळांचे स्कॅन वाचते. रात्रपाळी.
बिर्झाइच्या, रोकिश्किसच्या अनोळखी छात्या,
एकेकीच्या बाराशे चकत्या,
आणि पडद्यावर ती निळी पट्टी
जानेवारीतल्या नेवेझिस नदीसारखी,
वाहते आहे असं आपलं म्हणायचं.
तिकडे कुणीतरी स्ट्रेचरवर छताकडे बघत असतं,
इकडे मी पट्टीकडे.

शेवटी एका शनिवारी ठरवलं,
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते बघूच.

लॅपटॉप घेऊन जिन्याखाली घुसले,
बुटांच्या आणि काकडीच्या बरण्यांच्या मधे,
राउटरला हातभर वायर थेट लावली.
नऊशे एक्केचाळीस.
म्हणजे कंपनी चोर नव्हती.
बाबांनी ही बातमी जरा दुःखानेच ऐकली.

लॅपटॉपही चोर नव्हता.
खोलीत परत आले, भिंतीतल्या वायरला जोडला,
दिवा केशरी. हिरवा हवा होता.
मग राहिली फक्त ती वायर,
आठ वर्षांपूर्वी बाबांनी फरशीखालून नेलेली.
"या हातांनी," म्हणाले, आणि हात पुढे केले.
तीस वर्षं पानेवेझिसच्या टपालात छाटणीच्या टेबलावर,
एक पाकीट भलत्या गावी गेलं नाही,
वायर काय चुकणार?

मी वाद घातला नाही.
योविताकडून टेस्टर मागून आणला.
आठ दिवे एकामागून एक लागायला हवेत.
एक. दोन. तीन.
चार, पाच, सहा.

आठ.

पुन्हा लावला. पुन्हा सातवा गाळून आठ.

मी सांगत बसले: आत आठ तारा, जोडीजोडीने पिळलेल्या.
एक तुटली की चार जोड्यांचा खेळ मोडतो,
मग नारिंगी आणि हिरवी, दोघीच सगळं ओढतात.
निळी धडधाकट असून बसून राहते.
घर बंद पडत नाही, म्हणून कळतही नाही कुणाला.

बाबा टेस्टरकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "उंबरठा."

आईची खाट या खोलीत आणली त्या रात्री
चाकं अडली म्हणून फळी उचकटली होती.
परत ठोकली ती अंधारात,
ती जागी होऊ नये म्हणून
हातोड्याला मोजा गुंडाळून.
दोन वर्षं झाली.
तेव्हापासून चौऱ्याण्णवच असणार.
मला आकडा बघायचं सुचलं ते यंदा.

फळी निघाली. खिळा तपकिरी जोडीतून आरपार,
मुद्दाम मारला असता तर चुकला असता.
बाबांनी तो उपटला,
भट्टीच्या विटेवर ठोकून सरळ केला
आणि खिशात टाकला. खिळे ते फेकत नाहीत.

नवी वायर दारावरून नेली, उघडी, पांढरी.
दिसते. दिसू दे.

हिरवा दिवा. नऊशे एक्केचाळीस.
बाबांनी चष्मा पुसला, वाकले,
"हजारातले उरलेले एकोणसाठ कुणी खाल्ले?"
मी म्हणाले, प्रत्येक तुकड्यावर लिहावं लागतं,
कुणाकडून, कुणाला, कितवा. त्यात जागा जाते.
"म्हणजे पत्ता," ते म्हणाले.
जरा विचार केला.
"मग ठीक आहे. पत्त्याला जागा द्यावीच लागते."

रात्री रोकिश्किसहून एक म्हातारी छाती आली.
बाराशे चकत्या, चहा ओतेपर्यंत हजर.
वाचायला मात्र
नेहमीएवढाच वेळ लागला.