दहा बाय आठ

शटर अर्धंच वर गेलं होतं,
तोवर भाईंचा माणूस वाकून आत आला.
'दहा बाय आठ. दुपारपर्यंत.
भाईंचा फोटो मोठा. बारक्याचा बाजूला, बसेल तसा.'

बारक्या. रेशनकार्डावर सुगत हाटे.
पार्कसाइटच्या चढावर, टाकीमागं घर.
काल रात्री राजावाडीत गेला. कावीळ.
एकतीस पुरी व्हायची होती.

माझ्याकडं तीन वर्षं होता.
फ्लेक्सच्या कडा दुमडायच्या, कोपऱ्यांना रिंगा ठोकायच्या.
श्रद्धांजलीतला द्ध त्याला कधी जमला नाही.
'काका, मेलेल्याला कुठं वाचायचंय?'

मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडं जायचं,
खर्र खर्र टक्,
खर्र खर्र टक्,
आणि हा टेबलावर बोटं आपटत
त्यावर शब्द बसवायचा:
आईच्या बचत गटाचा हप्ता,
मुकादमानं खाल्लेले सात दिवस,
संडासाच्या रांगेत कुणी कुणाला काय म्हटलं ते.
मी ओरडायचो, गाणी म्हण नाहीतर काम कर.
'गाणं नाही काका. हिशेब लावतोय.'

पहिलं रेकॉर्डिंग इथंच झालं.
शटर पाडून, भिंतीला रोल उभे करून,
मोबाइलवर माझा मोजा चढवून.
मशीन बंद करू का, विचारलं.
नको म्हणाला.
भाईंचा पन्नासावा वाढदिवस छापून होत होता,
त्याच आवाजावर ह्यानं भाईंना घेतलं:

खांबाखांबावर तुझे दात,
आमच्या नळात वारा,
पाणी आलं की उठव मला,
नायतर छाप अजून बारा.

आठवड्यात दुकानाची काच फुटली.
बारक्यानं दोन पगारांतून भरून दिली.
मी घेतले पैसे.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग तो काम सोडून गेला, मोठा झाला,
स्टेजवर, हेडफोनात, कुणाच्या दंडावर.
कळव्याची, बदलापूरची, पार अकोल्याची पोरं
आपापल्या आळीच्या तोंडानं बोलायला लागली.
मी त्यांचेही फ्लेक्स छापले. उधारी बाकी आहे.

परवा एक पोरगी आली, सातवी-आठवीतली,
प्रकल्पाचं कव्हर छापायला.
मशीन बंद होतं, लाइट गेलेली.
ती काउंटरवर नखानं वाजवत बसली,
खर्र खर्र टक्.
हे कुठलं गं?
'असंच. सगळ्यांनाच येतं.'

तर, दहा बाय आठ.
द्ध नीट टाकला.
भाईंचा फोटो सांगितला तेवढा मोठा केला,
पैसे रोख होते.
बारक्याचा बसेल तसा बसवला,
हसताना, एक डोळा मिटलेला.
कडा दुमडल्या. रिंगा मीच ठोकल्या.
बारक्याच्या बाजूला चार,
भाईंच्या बाजूला वर एक,
खालची राहिली.

चढावर संध्याकाळी वारा असतो.